काचेतला नाग

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला त्या रात्री आमच्या हॉलमधल्या टीव्हीवर इंडियाना जोन्सच्या वेषातला हॅरिसन फोर्ड कुपोषित दिसत होता. गाल बसलेले, मान लांबलेली, हॅट उभ्या गाडग्यासारखी. बाबांनी चष्मा नाकावर सरकवला, थोडा वेळ नीट पाहिलं आणि विचारलं, “काहून रे, हा माणूस आजारी आहे का?”

माणूस ठणठणीत होता, घोळ माझ्या जोडाजोडीत होता. डीव्हीडीवर रुंद चित्र दोन्ही बाजूंनी दाबून भरलेलं असतं, ते पुन्हा ताणून सरळ करायचं काम टीव्हीचं. माझा प्लेअर वीस वर्षांचा, त्याच्या पाठीला पिवळी-पांढरी-लाल भोकं. टीव्हीला फक्त एचडीएमआय. दोघांच्या मध्ये नागपुरातल्या बर्डीच्या बाजारातून आणलेली काडेपेटीएवढी एक डबी. त्या डबीचा समज असा झाला होता की समोर जुना चौकोनी टीव्हीच आहे. पाऊण तास मी प्लेअरचा मेनू पालथा घातला, डबीवरचं एकुलतं एक बटण दाबून पाहिलं, आणि शेवटी टीव्हीच्याच सेटिंगमध्ये ‘पिक्चर साइझ’ सापडलं. एका क्लिकसरशी फोर्डच्या अंगावर मांस चढलं. हात लावलाच होता म्हणून चित्र गुळगुळीत करणारी ती मोशनची सोयही बंद करून टाकली. ती चालू असली की कुठलाही सिनेमा संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसतो. टीव्ही विकताना ती चालू करूनच का देतात, देव जाणे.

डीव्हीडींचा डबा सापडला तो माळ्यावर. मी कूलरचा जुना पंप शोधायला चढलो होतो. पंप मिळाला नाही, इंडियाना जोन्सच्या तीन सिनेमांचा संच मिळाला. चार डिस्क, तीन सिनेमांच्या आणि एक ‘कसं केलं’ दाखवणारी. हा संच २००३ मध्ये निघाला, आणि पुढच्या वर्षी माझ्या मावसभावाने तो अमेरिकेहून आणला. आणला तेव्हा लागलाच नाही. डीव्हीडीवाल्यांनी जगाचे विभाग पाडून ठेवलेले, अमेरिका विभाग १, आपण विभाग ५, आणि एका विभागाची डिस्क दुसऱ्याच्या प्लेअरला चालायची नाही. मग बर्डीतल्या एका मेकॅनिककडे गेलो. त्याने प्लेअरचा ट्रे उघडा ठेवला, रिमोटवर काही आकडे दाबले आणि पन्नास रुपये घेतले. आकडे दाबताना रिमोट दुसऱ्या हाताने झाकला होता, एटीएमवर झाकतात तसा.

तेव्हा एकदा पाहिला, तोही घाईत, अर्धामुर्धा. नंतर लग्न, बदली, घर. आता लेक तेरा वर्षांची आहे आणि तिच्या सुट्ट्या होत्या. बाबा अठ्ठ्याहत्तर. बाहेर पारा ४५ च्या वर, दुपारी कुत्रंही नालीतून उठत नव्हतं. रात्री एक याप्रमाणे तीन सिनेमे पाहायचे ठरलं.

त्याआधी १९९० चा उन्हाळा सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बाबा मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. नॅरोगेजचे डबे दुरुस्त व्हायचे तिथे. आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. उन्हाळ्यात एखाद्या शनिवारी आठ घरं वर्गणी काढायची आणि रिक्षात घालून टीव्ही-व्हीसीआर भाड्याने यायचा. अंगणात सतरंज्या, मागे खाटा. तीन हिंदी सिनेमे मोठ्यांचे, आणि पोरांच्या हट्टाखातर शेवटी एक इंग्रजी. शेवटी म्हणजे पहाटे तीनला. तोवर निम्मी वस्ती आडवी झालेली असायची. व्हीसीआरसोबत दुकानातला पोऱ्या यायचा, राखणीला. त्याचा एकच नियम होता, पॉज करायचं नाही, रिवाइंड करायचं नाही, हेड घासतं. आणि तोच सगळ्यांत आधी झोपायचा.

त्या पहाटे ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ लागला होता. हिरो सापांनी भरलेल्या तळघरात पडतो, आणि पडल्या पडल्या तोंडासमोर फणा काढलेला नाग. आम्ही सगळे गार. दादा मात्र उठून टीव्हीपाशी गेला. म्हणाला, “काच आहे बे मधात.” पोऱ्या घोरत होता. दादाने कॅसेट मागे नेली, पुन्हा लावली, आणि नाग फणा हलवतो तेव्हा बोट ठेवून दाखवलं. त्याच्यासमोर हवेत दुसरा एक फिकट नाग हलत होता. काचेतलं प्रतिबिंब. हॉलिवूडला आम्ही मोतीबागेत रंगेहाथ पकडलं होतं. शाळा उघडल्यावर पंधरा दिवस हा एकच विषय होता, आणि ज्यांनी सिनेमा पाहिलाच नव्हता तेही काच पाहिल्याचं सांगत होते.

बाबा तेव्हा मागच्या खाटेवर तोंडावर दुपट्टा घेऊन झोपले होते. इंग्रजी सिनेमा सुरू झाला की ते दुपट्टा ओढायचे.

तर आता पहिली रात्र. कूलर पूर्ण वेगात, म्हणजे आवाजाच्या नावाने बोंब, म्हणून इंग्रजी सबटायटल लावली. बाबांचा त्याने असा काही फायदा झाला की मला माझीच लाज वाटली. ज्या माणसाने आयुष्यभर इंजिनाची इंग्रजी मॅन्युअलं वाचून काम केलं, त्याला वाचायची अडचण कधीच नव्हती. अमेरिकन उच्चार कानात शिरत नव्हते, एवढंच. छत्तीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. लांब वाक्य आलं की ते हात वर करायचे, मी पॉज करायचो, ते वाचायचे आणि हात खाली करायचे, सिग्नल दिल्यासारखा.

सुरुवातीचा दगड अजूनही छान घरंगळतो. लहानपणी तो शंभर टनांचा होता. आता माहीत आहे की तो फायबरग्लासचा, आणि त्याचा गडगडाट म्हणजे ध्वनीवाल्या बेन बर्ट यांनी खडीच्या उतारावरून सोडलेल्या होंडा मोटारीच्या टायरांचा आवाज. माहीत असूनही पाय आपोआप वर घेतले जातात. लेकीनेही घेतले.

मला खरं चकित केलं ते रुंदीने. हा सिनेमा २.३५ ला १ अशा लांबलचक चौकटीत काढलेला आहे. व्हिडिओ कॅसेटवर तो चौकोनी टीव्हीत बसवायला बाजू छाटायचे. हिशेब केला तर चित्राचा जवळजवळ ४३ टक्के भाग जातो. म्हणजे अंगणात आम्ही अर्ध्याहून थोडाच जास्त सिनेमा पाहिला होता आणि त्यावर पंधरा दिवस बोललो होतो. शेवटचं ते गोदाम, खोक्यांच्या रांगाच रांगा आणि मधून गाडी ढकलत जाणारा एकटा म्हातारा. ते बहुतेक सगळं रंगवलेलं चित्र आहे. कॅसेटवर ती नुसती एक मोठी खोली वाटायची. इथे कळतं की ती आर्क, म्हणजे सिनेमाभर शोधलेली पवित्र पेटी, हरवली ती कुठे हरवली.

संगीतही मला थोडं खालच्या सुरात, जरा सावकाश वाटलं. आधी वाटलं वय झालं. मग आठवलं, सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा आणि आपल्याकडची पॅल पद्धतीची कॅसेट २५ ची. तिच्यावर सगळं चार टक्के पळायचं आणि सूर किंचित चढायचा. ११५ मिनिटांचा सिनेमा ११० मध्ये उरकायचा. अमेरिकन डिस्कला हा रोग नाही. म्हणजे जॉन विल्यम्सची ती धून मी जन्मभर चढ्या सुरात गुणगुणत आलो.

मधे एकदा चित्र क्षणभर थबकलं. बाबा म्हणाले, “लाईन गेली.” लाईन गेली नव्हती, डिस्कचा एक थर संपून लेसर दुसऱ्या थरावर गेला होता. पण नवतपात नागपूरच्या माणसाला दुसरं काय सुचणार?

मग आलं ते तळघर. मी लेकीला आधीच सांगून ठेवलं होतं की आता एक गंमत दाखवतो. रिमोट हातात तयार. फोर्ड पडला, नाग उठला, मी पॉज केलं. काच नाही. मागे नेलं, एकेक चौकट पुढे सरकवली. नाग होता, फोर्ड होता, मधे स्वच्छ हवा.

“पप्पा, फेकू नका,” लेक म्हणाली.

फोनवर शोधल्यावर उलगडा झाला. २००३ च्या या संचासाठी चित्र साफ करताना ते प्रतिबिंब संगणकाने पुसून टाकलं. चूक होती, सुधारली. तक्रार तरी काय करणार? पण मला वाईट वाटलं, आणि बऱ्यापैकी वाटलं. त्या सिनेमात आमची म्हणून तेवढी एकच गोष्ट होती. पुराव्याला कॅसेट नाही, दादा पुण्यात झोपलेला, आणि लेकीच्या लेखी मी थापाडा.

तिने दुसऱ्या दिवशी वाचून आणखी एक शोध लावला. त्या तळघरातल्या सापांत बरेच साप नाहीतच, बिनपायाचे सरडे आहेत. सापाला बाहेरून कानाचं छिद्र नसतं, सरड्याला असतं. मग दुपारभर ती डिस्क लावून कान शोधत बसली. दोन मिळाले म्हणे. मला एकातही दिसला नाही, पण मी थापाडा म्हणालो नाही.

दुसरी रात्र ‘टेम्पल ऑफ डूम’ची. पहिला सिनेमा १९८१ चा, हा १९८४ चा, पण गोष्ट पहिल्यातल्या गोष्टीच्या एक वर्ष आधीची, १९३५ मधली. या सिनेमाबद्दल माझं मन लहानपणीही एक नव्हतं. आम्हाला अमरीश पुरी आधी मोगॅम्बो म्हणून ठाऊक, आणि आपला मोगॅम्बो अमेरिकन सिनेमात छातीतून काळीज काढतो म्हटल्यावर अभिमानाने ऊर भरून यायचा. क्वार्टरमधली पोरं महिनाभर एकमेकांच्या छातीवर पंजा ठेवून ‘काली माँ’ ओरडत होती. एकाच्या आजीने त्याला चपलेने बडवलं.

आता पाहिला आणि जेवणाच्या पंगतीपाशी मी अवघडलो. राजवाडा आपल्याकडचा, पाहुणे गोरे, आणि ताटात काय, तर किडे, डोळ्यांचं सूप, सापाच्या पोटातून निघणारी पिल्लं आणि माकडाच्या डोक्यातला थंडगार मेंदू. लेक उखडलीच. “हे कोण खातं?” बाबा मात्र पोट धरून हसत होते. म्हणाले, “यायले सावजीत न्यायला पाहिजे होतं. रस्सा पाहूनच पळाले असते.” त्यांच्या हसण्याने माझा राग जरा उतरला, पण मत उतरलं नाही. तो प्रसंग आळशी आहे. ज्या माणसाने पहिल्या सिनेमात सापाची भीती एवढ्या बारकाईने रंगवली, त्या दिग्दर्शक स्पीलबर्गने इथे सरळ शेजारच्या पोरासारखं ‘ई’ म्हणून दाखवलंय. सरकारने भारतात चित्रीकरणाला परवानगी दिली नाही, म्हणून गावाचं चित्रीकरण श्रीलंकेत, कँडीच्या बाजूला उरकलं. त्यामुळे उपाशी गावकरी चक्क सिंहली बोलतात. इथे काही काळ सिनेमावर बंदीही होती.

आणि तरी अमरीश पुरी. बाकीचे सगळे खेळ खेळतायत, तो एकटा नाटक करतोय. डोळे मिटायच्या आधी पापणी किती संथ खाली येते, ते मी तीन वेळा मागे नेऊन पाहिलं. या भूमिकेसाठी त्याने केस काढले आणि पुढे तसाच राहिला. लेकीला मात्र त्या छोट्या पोराचं कौतुक. के ह्यु क्वान. २०२३ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं आणि त्याच रात्री मंचावर फोर्डला जाऊन बिलगला, तो व्हिडिओ तिने आधीच पाहिलेला. “हा तोच?” असं ती चारदा म्हणाली.

खाणीतल्या ट्रॉल्यांच्या पाठलागात बाबा एकदम सावध बसले. सोफ्याच्या कडेला आले. ट्रॉली एका बाजूच्या चाकांवर वळण घेते तिथे त्यांचा हात वर. मी पॉज केलं, सबटायटल नव्हतं. “हे होत नाई,” ते म्हणाले. “चाकाची फ्लँज, ती कड, रुळावर चढून जाईल. ट्रॉली रुळावर राहूच शकत नाई.” मग चौथी डिस्क लावून दाखवलं, की बरेचसे लांबचे शॉट छोट्या मॉडेलचे आहेत. बोगद्याच्या भिंती रंगवलेल्या अॅल्युमिनियम फॉइलच्या, आणि एवढ्याशा बोगद्यात मावावा म्हणून निकॉनचा साधा फोटोचा कॅमेरा बदल करून वापरलेला, एकेक चौकट काढत. फॉइल म्हटल्यावर बाबा खूश. “पोळ्या गुंडाळायचा कागद? मंग ठीक आहे.” खोटं आहे याचं त्यांना वावडं नव्हतं. खोटं कशाचं केलंय ते कळायला हवं होतं.

तिसऱ्या रात्री ट्रे उघडेना. बटण दाबलं की आत नुसतं खर्र्. उन्हाने म्हणा, वयाने म्हणा, प्लेअरने मान टाकली. मी तासभर चडफडलो. डिस्कवर डाग पडले तर मला इलाज माहीत आहे. मऊ सुती फडक्याने मधून बाहेर सरळ पुसायचं, गोल गोल नाही, कारण गोल ओरखडा ट्रॅकच्या बाजूने जातो आणि सलग माहिती खातो. पण ट्रे माझ्या आवाक्यातला नव्हता. बाबा आतून त्यांचा पेचकस घेऊन आले, झाकण काढलं, आत बोट घातलं आणि बांगडीपेक्षा लहान एक काळा रबरी पट्टा काढला.

“ढिला झाला. बाकी काई नाई.”

“आता हा कुठं मिळणार?”

त्यांनी उत्तर दिलं नाही. लेकीला चहाच्या पातेल्यात पाणी उकळायला सांगितलं, पट्टा त्यात सोडला, घड्याळाकडे पाहिलं, चमच्याने काढला, पुसला, बसवला. ट्रे सुळकन बाहेर आला. एवढ्याने किती दिवस काढेल, मी विचारलं. “आजचा सिनेमा निघते,” ते म्हणाले.

‘लास्ट क्रुसेड’, १९८९ चा. सुरुवात १९१२ मध्ये, इंडियाना पोरसवदा, सर्कशीच्या आगगाडीच्या टपावरून पळतोय. इंजिन धूर ओकत वळण घेतं आणि बाबांचा हात वर.

“मागं घे.”

घेतलं.

“थांबव. हे नॅरोगेज आहे.”

मी म्हटलं, अमेरिकेतली गाडी आहे बाबा, मोठी असणार. त्यांनी उठून टीव्हीपाशी जाऊन बोट ठेवलं. डबा चाकांच्या बाहेर किती आलाय ते पाह, म्हणाले. रूळ आत आहेत, पोट बाहेर. “पण आपल्याहून जरा रुंद आहे. वित नाई, वितीपेक्षा कमी.” लेकीने फोन काढला. कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवरची कंब्रेस अँड टोल्टेक रेल्वे. गेज तीन फूट. आपलं छिंदवाड्याचं, नागभीडचं अडीच. फरक सहा इंच.

लेक माझ्याकडे पाहत राहिली. मी बाबांकडे. ते जागेवर जाऊन बसले आणि सिग्नल दिला, चालू कर.

छिंदवाड्याची नॅरोगेज २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये, ब्रॉडगेज टाकायला. ज्या डब्यांखाली बाबा छत्तीस वर्षं उताणे झोपून काम करत होते, त्यांतले काही आता मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात रंगरंगोटी होऊन उभे आहेत. लेकीला घेऊन ते तिथे जाऊन आलेत. तिला तिथली छोटी गाडी तेवढी लक्षात आहे.

तिसऱ्या सिनेमात शॉन कॉनरी फोर्डचा बाप होतो. दोघांच्या वयात जेमतेम १२ वर्षांचं अंतर, कॉनरी १९३० चा, फोर्ड १९४२ चा, पण पडद्यावर शंका येत नाही. झेपलिनमध्ये, म्हणजे वायूवर तरंगणाऱ्या अवाढव्य हवाई जहाजात, दोघं टेबलाशी बसतात. मुलगा तक्रार करतो की आपण कधी बोललोच नाही. बाप म्हणतो, आता आहे मी समोर, बोल. आणि मुलाला काही सुचत नाही. हे सबटायटल बाबांनी हात वर न करता वाचलं. कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, खडखड सुरू झाली, मी उठून दोन बादल्या ओतल्या. परत आलो तोवर जहाजातून विमान सुटलं होतं.

सिनेमा संपला तेव्हा साडेबारा झाले होते. चौघं घोड्यांवरून मावळतीकडे जातात, ते जाईपर्यंत बाबा बसून होते. लेकीने डिस्का डब्यात भरल्या आणि जाता जाता मला चिमटा काढला, “पप्पा, पहिल्या सिनेमातली ती काच मात्र राहिलीच हं दाखवायची.”

“होती काच,” बाबा म्हणाले. “नागाच्या अन् त्याच्या मधात. दुसरा नाग दिसे तिच्यात, फिका.”

मी म्हटलं, “तुम्ही तर झोपले होते.”

“दुपट्टा पातळ होता,” ते म्हणाले, आणि पेचकस घेऊन आत गेले.